मसुरीचे चार दाणे

शनिवारी उन्हं नीट वर यायच्या आत सहा गाड्या आल्या आणि ट्रॅक्टरवाल्याच्या फाटकापासून बऱ्याच लांब, रस्त्याच्या कडेला एकामागे एक शिस्तीत लागल्या. आतून चौदा-पंधरा माणसं उतरली. कुणाकडे टिकाव, कुणाकडे फावडं, एका बाईंच्या हातात नवी कोरी घमेली, अजून दुकानाची चिठ्ठीही न काढलेली. ट्रॅक्टरवाला गोठ्याच्या दारात उभा राहून बघत होता. पुढे व्हावं, या म्हणावं, असं मनात होतं, पण पाय काही उचलत नव्हता.

ही माणसं कामाला आली होती, आणि तीही फुकट. डोंगराच्या माथ्यावरून नऊ दिवस चालायची एक पायवाट आहे. दगडांवर लाल पट्टे मारलेत, ते बघत बघत लोक चालतात, रानात झोपतात, पुन्हा चालतात. एवढं चालून जायचं कुठे, तर कुठेच नाही. ट्रॅक्टरवाल्याच्या बापाला याचं अजून नवल वाटायचं. ओट्यावर बसल्या बसल्या तो दर खेपेला विचारायचा, "ह्यांचा बैल हरवलाय का रे?" तर त्या वाटेवर चढायच्या ज्या सात-आठ जागा आहेत, त्यातली एक ट्रॅक्टरवाल्याच्या शेताला लागून. लोक गाड्या आणायचे, मिळेल तिथे लावायचे आणि वर चढून जायचे. आता ही मंडळी तिथे गाड्यांना नीट जागा करणार होती, पायऱ्या बसवणार होती, कुंपणात माणूस जाईल पण गुरं जाणार नाहीत असं वळणाचं फाटक करणार होती.

ट्रॅक्टर काही ह्या एकट्याकडेच नव्हता. आजूबाजूला आणखी चौघांकडे होते. पण चालणाऱ्या मंडळींनी त्याचं नाव ट्रॅक्टरवाला पाडलं ते गेल्या वर्षीच्या एका दिवसामुळे, आणि ते नाव कुणी घेतलं की त्याच्या मानेवर कुणी ओला हात ठेवल्यासारखं व्हायचं.

"अहो ट्रॅक्टरवाले दादा, लपून काय बसलात?" म्हणत त्या घमेलीवाल्या बाई पुढे आल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई, आवाज अजून मागच्या बाकापर्यंत पोचायचा. त्यांच्यामागून कुबडीवर त्यांचे यजमान आले. दवाखान्यात आयुष्यभर औषधं बांधून दिलेला माणूस, त्यांना सगळे कंपाउंडरच म्हणत. डाव्या पायाची विजार गुडघ्याखाली दुमडून टाचलेली होती. ट्रॅक्टरवाल्याने त्यांच्याकडे बघून हात जोडले आणि नजर टाचणीवरून हलवून कुंपणावर नेली.

बाईंनी सगळ्यांना गोळा केलं आणि त्याची ओळख करून दिली. हेच ते. ह्यांनी त्या पावसात ट्रॅक्टर काढला, ट्रॉलीत पेंढा घातला, ह्यांच्या घरच्यांनी स्वतःची गादी दिली, आणि आमच्या यजमानांना घेऊन दवाखान्यापर्यंत तीन तास हा माणूस एकदाही न थांबता गेला. जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजत असताना माणसाने हातांचं काय करायचं असतं, हे ट्रॅक्टरवाल्याला माहीत नव्हतं. त्याने ते पाठीमागे नेले. ओट्यावर म्हातारा छाती पुढे काढून बसला होता, आणि दारात बायको पदर सावरत हसत होती. तिला त्या दिवसाचा केवढा अभिमान होता. घरातली एकुलती एक बरी गादी रक्ताने गेली, पण तिने कधी चकार शब्द काढला नव्हता.

काम सुरू झालं. मंडळींत एक निवृत्त बस कंडक्टर होता, त्याने आल्या आल्या कारभार हातात घेतला. "पुढे सरका, पुढे सरका, मध्ये जागा आहे," असं म्हणत त्याने माणसं चरात उतरवली. कडेची झुडपं तोडायची, चर साफ करायचा, मोरीचा पाइप टाकायचा, वर मुरूम आणि मग खडी. शहरातल्या हातांना तासाभरात फोड आले. ट्रॅक्टरवाला न बोलता खणत राहिला. तीन माणसांचं काम तो एकटा ओढत होता आणि लोक कौतुकाने बघत होते, त्यामुळे तो आणखी खाली वाकून खणायचा.

दुपारी बायकोने चहा केला. सगळी ओट्यावर, पायरीवर बसली. बाईंनी तेव्हा ती गोष्ट काढली. गाडीच्या चारही चाकांची हवा गेली ती काट्यांनी नव्हे, हे त्यांना दोन दिवसांनी कळलं होतं. मेकॅनिकने प्रत्येक व्हॉल्व्हचं टोपण काढलं तर आत एकेक मसुरीचा दाणा. टोपण आवळलं की दाणा आतली पिन दाबून धरतो आणि हवा हळूहळू निघून जाते. कुणा टवाळ पोरांचं काम असणार, बाई म्हणाल्या. "तुमच्याच शेतातली मसूर ओरबाडून नेली असेल हो मेल्यांनी. म्हणजे तुमचंही नुकसानच."

बायको कंपाउंडरांना कप देत होती. तिचा हात मध्येच थांबला. कंपाउंडरांनी कप स्वतःच तिच्या हातातून घेतला. ती आत गेली आणि मग बाहेर आलीच नाही.

आता खरं काय ते सांगायला हवं. गेल्या वर्षी मसूर काढून शेतात ढीग घातला होता आणि आभाळ भरून आलं होतं. ट्रॉली बाहेर काढायची तर फाटकासमोर एक मोठी पांढरी गाडी आडवी लावून कुणी वर चालायला गेलेलं. ट्रॅक्टरवाला सकाळपासून दुपारपर्यंत त्या गाडीभोवती फिरला. ओरडला, डोंगराकडे तोंड करून शिव्या दिल्या, गाडीला ढकलून पाहिलं. लागोपाठ तिसरा आठवडा होता हा. शेवटी त्याच्या डोक्यात तिडीक गेली. एकदा त्याच्या ट्रॉलीच्या टोपणात खडा अडकून चाक बसलं होतं, ते त्याला आठवलं. त्याने ढिगातून मूठभर मसूर घेतली. परत फाटकाशी आला तर पांढरी गाडी गेलेली, आणि पावसाचे टपोरे थेंब पडायला लागलेले. आता ढीग भिजणार हे ठरलंच होतं. रस्त्यावर एकच गाडी उरली होती, लहानशी निळी, झाडाखाली, कुणाच्याही वाटेत न येणारी. त्याच्या रागाला गिऱ्हाईक हवं होतं. त्याने चारही टोपणं काढली, दाणे घातले, पुन्हा आवळली आणि उरलेली मसूर खिशात टाकून घरी आला. मनाला इतकं गार वाटलं की पाऊस पडतोय याचंही काही वाटलं नाही.

दोन तासांनी बाई दारात उभ्या. पाय खडकात अडकून मोडलेल्या नवऱ्याला दोन अनोळखी चालणाऱ्यांनी खाली आणलं होतं आणि गाडी चारही चाकांवर बसलेली. फोनला रेंज नाही. बाईंनी पहिलं काय विचारलं असेल तर, "दादा, पंप आहे का हो हवा भरायचा?"

पंप होता. गोठ्यात दारामागे, पायाने दाबायचा, चांगला चालू. पंधरा-वीस मिनिटांचं काम. पण हवा भरायची तर टोपणं काढायला हवीत, आणि बाईंच्या देखत टोपणातून मसूर खाली पडली असती. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नाही."

एवढा एकच शब्द. त्यानंतर मात्र त्याने ट्रॅक्टर असा हाकला की सीटवरून उडून उडून कंबर मोडली. पण ट्रॅक्टर तो ट्रॅक्टरच. तासाभराच्या वाटेला तीन तास लागले. डॉक्टर म्हणाले, तास-दीड तास आधी आला असतात तर पाय राहिला असता. हे त्याच्यासमोरच म्हणाले. आणि बाईंनी त्याचे दोन्ही हात धरले होते आणि त्या म्हणत होत्या, तुम्ही होतात म्हणून माणूस तरी वाचला.

त्या शनिवारी संध्याकाळी मंडळी निघाली तेव्हा त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. कंपाउंडर गाडीत बसायच्या आधी गाडीला वळसा घालून गेले. एका हाताने कुबडी, एका हाताने गाडीचा पत्रा धरून ते प्रत्येक चाकापाशी वाकले. टोपण काढलं, आत बघितलं, पुन्हा लावलं. चार वेळा. चौथ्या चाकाशी त्यांचा तोल गेला आणि ते गुडघ्यावर आले. बाई म्हणाल्या, "सवय लागलीये त्यांना. कुणाला करू देत नाहीत." ट्रॅक्टरवाला फावडं धुवायच्या निमित्ताने पाठमोरा झाला. धरणीने तिथल्या तिथे गिळलं असतं तर बरं, असं त्याला वाटलं.

घरात बायको भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही. "त्या दिवशी धुवायला घेतलेल्या विजारीच्या खिशात मसूर निघाली होती," ती म्हणाली. "मी कोंबड्यांना टाकली."

तिने पुढे काही विचारलं नाही. ताट मात्र त्याच्यासमोर न ठेवता थोडं बाजूला ठेवलं, आणि स्वतः चुलीकडे तोंड करून जेवली. दुसऱ्या दिवशी मंडळी आली तेव्हा चहा म्हाताऱ्याने केला. तो इतका गोड होता की कंडक्टर म्हणाला, आजोबा, यात चमचा उभा राहील. सगळे हसले. बायकोची तब्येत बरी नाही, असं ट्रॅक्टरवाल्याने सांगितलं. ती मागच्या दाराने शेतात गेली होती आणि मंडळी जाईपर्यंत बांधावर बसून होती.

त्या रविवारी बाईंनी दोरी धरून मापं घेतली. रस्त्याची कडा अरुंद होती, चार गाड्यांच्या वर बसत नव्हत्या. कुणी मागितली नव्हती, तरी ट्रॅक्टरवाला म्हणाला, कुंपण आत घेऊ या. लांबीला साठ पावलं आणि रुंदीला सात, एवढा मसुरीच्या शेताचा पट्टा त्याने देऊन टाकला. बाईंचे डोळे भरून आले. म्हाताऱ्याचं मात्र पित्त खवळलं. त्याने आयुष्यभर त्या बांधावरची हातभर जमीन शेजाऱ्याला खाऊ दिली नव्हती. लोक गेल्यावर त्याने मुलाला समोर उभं केलं.

"भीक घालतोयस की दंड भरतोयस?" म्हाताऱ्याने विचारलं.

ट्रॅक्टरवाला म्हणाला, "कशाचा दंड?"

"ते तुला ठाऊक. एवढ्या खुशीत देणाऱ्याचं तोंड असं नसतं."

पुढचे पाच दिवस त्याने एकट्याने काम केलं. शेतातली कामं पहाटे उरकायची आणि मग रस्त्यावर. जुनं कुंपण उपटलं, खांबांना नवे खड्डे घेतले. डोंगराच्या पायथ्याचे मोठे दगड पहारीने सुटे करून ट्रॉलीत घालून आणले आणि गाड्या कुठे थांबायच्या ते कळावं म्हणून ओळीने गाडले. पायऱ्यांसाठी लाकडाचे ओंडके कापले, प्रत्येक ओंडक्याला दोन खुंट्या मारल्या. आधी पायऱ्यांची उंची बाईंनी सांगितल्याप्रमाणे वीतभर धरली होती, मग त्याने स्वतः एका पायावर उभं राहून, पहारीचा आधार घेऊन चढून पाहिलं. जमेना. सगळ्या खुंट्या उपटून पायऱ्या अर्ध्या उंचीच्या केल्या, संख्येने दुप्पट, आणि एका बाजूला कठडा. हाताला भेगा पडल्या, खांदा सुजला. वाटलं होतं, अंग मोडलं की आतलं थोडं हलकं होईल. कसलं काय. रोज संध्याकाळी बायको पाणी तापवून ठेवायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची.

पुढच्या शनिवारी कंपाउंडर त्या पायऱ्या चढून वर गेले, उतरून आले, पुन्हा चढले. वर्षाने ते डोंगराकडे दहा पावलं गेले होते. कठड्यावर हात फिरवत ते म्हणाले, "हे माझ्या मापाचं केलंयत." ट्रॅक्टरवाल्याने मान हलवली. त्या दिवशी त्यांना खुर्चीत बसवून पाटी रंगवायचं काम दिलं होतं. औषधांच्या बाटल्यांवर आयुष्यभर चिठ्ठ्या लिहिलेला हात, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला जवळ बोलावून मजकूर दाखवला. गाड्या दगडांच्या आत लावा. शेताच्या फाटकासमोर लावू नका. आणि खाली, बारीक अक्षरात, ही जागा शेजारच्या घराने दिली आहे. या घराने अडलेल्या माणसाला कधी नाही म्हटलेलं नाही.

"शेवटची ओळ हिची आहे," ते बाईंकडे बोट करून म्हणाले. "बरी आहे ना?"

कशाला ते, एवढंच ट्रॅक्टरवाला म्हणाला. विनय समजून कंपाउंडर हसले आणि ब्रश बुडवू लागले. पाटी सोमवारी लागायची होती, सरपंच येणार होते, पंचक्रोशी येणार होती. त्या पाटीखालून त्याला आणि त्याच्या बायकोला जन्मभर जा-ये करायची होती.

दुपारनंतर खडी पसरताना एकचाकी हातगाड्याचं चाक बसलं. कंडक्टरने मोठ्याने विचारलं, "दादा, पंप आहे का?"

आणि ट्रॅक्टरवाला म्हणाला, "नाही." विचार करून नव्हे. वर्षापूर्वीचाच तो शब्द, तोंडाशीच बसलेला होता, तो आपसूक बाहेर आला.

"नाही कसा?" ओट्यावरून म्हातारा खेकसला. "गोठ्यात दारामागे आहे की. सहा वर्षं झाली, तिथेच आहे. ह्याला स्वतःच्या घरातलं ठाऊक नाही!"

कंडक्टर जाऊन पंप घेऊन आला. फस्स फस्स करत चाक भरलं. लोक हसले, दादा कामात इतके बुडालेत की भान नाही म्हणाले. बाई वरच्या पायऱ्यांवर होत्या, त्यांना काही ऐकू आलं नाही. कंपाउंडर खुर्चीत होते. त्यांचा ब्रश पाटीपासून बोटभर वर थांबला होता आणि ते पंपाकडे बघत होते. मग त्यांनी ट्रॅक्टरवाल्याकडे बघितलं, फार वेळ नाही, आणि पुन्हा खाली मान घालून लिहू लागले. त्या संध्याकाळी त्यांनी नेहमीसारखी चारही टोपणं तपासली आणि निरोप न घेता गाडीत बसले. कदाचित दमले असतील. ट्रॅक्टरवाल्याने स्वतःला तसं दहादा सांगून पाहिलं.

रविवारी सगळं काम उरकलं. वळणाचं फाटक बसलं, कंडक्टरने त्यातून चारदा ये-जा करून पुढे सरका, पुढे सरका म्हणून घेतलं. खडीवर पहिल्या सहा गाड्या रांगेत लागल्या. मंडळी एकेक करून गेली. बाई दोरी आणि पताका गोळा करायला वर गेल्या. निळी गाडी तेवढी उरली, आणि कंपाउंडर कुबडी टेकत तिच्याकडे निघाले.

"तुम्ही थांबा. मी बघतो," ट्रॅक्टरवाला म्हणाला.

कंपाउंडर कुबडीवर रेलून थांबले. तो गुडघ्यावर बसला. पहिलं टोपण काढलं, उलटं करून तळव्यावर आपटलं, लावलं. दुसरं. तिसरं. बोटांना नीट कळत होतं किती फिरवायचं ते. चौथ्याशी आल्यावर टोपण हातात तसंच राहिलं.

"मसूर माझी होती," तो म्हणाला. "घातली पण मीच. तुमची गाडी वाटेत नव्हती, तरी घातली. आणि पंप होता. तुम्ही ट्रॉलीत कण्हत होतात तेव्हा पंप गोठ्यात होता."

खाली बघूनच बोलला तो. कंपाउंडरांचा एक बूट आणि कुबडीचं रबर, एवढंच त्याला दिसत होतं. रबर खडीत किंचित रुतलं होतं. वरून बाईंचा कुणाला तरी हाक मारल्याचा आवाज आला.

"पंपाचं मला काल कळलं," कंपाउंडर म्हणाले. "मसुरीचं आत्ता." थोड्या वेळाने ते म्हणाले, "ते टोपण लावा."

त्याने लावलं आणि उठून उभा राहिला. काहीतरी येईल म्हणून तो वाट बघत होता. थोबाडीत, शिवी, काहीही. आलं असतं तर त्याने दोन्ही हातांनी झेललं असतं.

"कुबडी धरा जरा," कंपाउंडर म्हणाले.

त्याने धरली. कंपाउंडर गाडीचा पत्रा धरून पहिल्या चाकाशी वाकले, टोपण काढलं, आत बघितलं, लावलं. मग एका पायावर लंगडत, गाडीला धरून दुसऱ्याशी गेले. मग तिसऱ्याशी. आत्ताच त्याने उघडून बघितलेली चारही टोपणं त्यांनी पुन्हा एकेक करून उघडून बघितली. ट्रॅक्टरवाला त्यांच्यामागे कुबडी घेऊन चारही बाजूंनी फिरला. मूठ जिथे घामाने काळी पडली होती तिथे त्याचा हात होता. चौथं चाक झाल्यावर त्यांनी हात मागे केला आणि त्याने कुबडी त्या हातात दिली.

"हिला मी सांगेन, घरी गेल्यावर," ते म्हणाले. "पाटीवरची एक ओळ पुसावी लागेल. पाटी सोमवारी लागेल, खांबांचे खड्डे तेवढे खणून ठेवा."

बाई आल्या, हसत त्याच्या हातात दोरीचं भेंडोळं दिलं, वहिनींना लवकर बरं वाटू दे म्हणाल्या. गाडी नव्या खडीवर करकरत वळली आणि गेली.

बायको मागच्या बांधावरून आली होती आणि फाटकाच्या आत उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तो जवळ आला तेव्हा आठ दिवसांनी तिने पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"पंपाचं?"

"ते पण."

मग ती म्हणाली, "काय म्हणाले?"

ट्रॅक्टरवाल्याने दोरी खाली ठेवली.

"कुबडी धरा म्हणाले," तो म्हणाला.